डेपोच्या कडेला राहताना: विहीर, वायू, धूर आणि 'फुकट माती'

मांतरवाडी_फाटा

उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोवर धागे भरपूर निघतात आणि तिसऱ्या प्रतिसादात राजकारणात शिरतात. गावं महापालिकेत का घेतली, बाहेर का काढली, नगरपरिषदेने काय होणार, हे सगळं त्या धाग्यांवरच राहू द्या. इथे फक्त राहणाऱ्यांच्या कामाचं लिहू: पाणी कसं तपासायचं, धूर आला तर काय, माश्यांचं काय, विहिरीत उतरावं का.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. पुण्याचा कचरा आधी कोथरूडला पडायचा, त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो उभा आहे. नंतर तो आपल्या बाजूच्या दगडखाणींकडे वळला. उरुळी आणि फुरसुंगीची मिळून जागा 163 एकर. उघड्यावर टाकणं कमी झालं, काही भागावर माती-प्लास्टिकचं झाकण झालं, बाकीच्यावर बायोमायनिंग, म्हणजे जुना ढीग उकरून, चाळून माल वेगळा करणं. यावर 'आता डेपो बंदच झाला की' असं ऐकू येतं. गाड्या बंद झाल्या तरी ढिगाच्या आतलं कुजणं वीस-तीस वर्षं थांबत नाही. वरून शांत दिसणाऱ्या ढिगातून खाली काळं पाणी आणि वर वायू निघतच असतो. म्हणून हा धागा.

जाणकारांनी भर घालावी. आकडे असतील तर आकड्यांसकट.

---

झरा_सांधा

पाण्यापासून सुरू करतो, कारण घोळ तिथेच जास्त आहे.

पहिली गोष्ट, टीडीएस मीटरवर विहिरीचा निकाल लावू नका. मीटर विरघळलेल्या क्षारांची बेरीज सांगतं, त्यात काय काय आहे ते नाही. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरीत 400-600 टीडीएस असणं नवल नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, 500 पर्यंत ठीक म्हणतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत सवलत देतं. पण नायट्रेटला 45 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर सवलत नाही. म्हणजे मीटरवर 450 दिसतंय, सगळे खूश, आणि आत नायट्रेट 80, हे अगदी शक्य आहे. जंतू तर मीटरला दिसतच नाहीत.

डेपोजवळच्या विहिरीसाठी प्रयोगशाळेला निदान एवढं मागा: पीएच, टीडीएस, क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, लोह, कठीणपणा, सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) आणि ई-कोलाय (मैल्यातले जंतू). वर्षातून एकदा शिसं, कॅडमियम, क्रोमियम.

यातला क्लोराइड हा खबऱ्या समजा. तो मातीला चिकटत नाही, कुजत नाही, वाटेत जिरत नाही, त्यामुळे काळं पाणी विहिरीकडे सरकायला लागलं की सगळ्यांत आधी तोच पोचतो. मानकात तो 250 पर्यंत चांगला, 1000 पर्यंत सवलतीत, म्हणून 300 आला तर लॅबवाले 'चालतंय' म्हणतील. तुम्ही मर्यादा बघू नका, मागच्या वेळचा आकडा बघा. 90 चा 300 झाला असेल तर ते 'चालतंय' नव्हे.

क्लोराइड आणि अमोनिया दोन्ही वर गेले तर डेपोवर संशय घ्या, पण त्याआधी शेजारचा शौचालयाचा शोषखड्डा तपासा, कारण मैलापाणीही असंच दिसतं. क्लोराइड जेमतेम आणि नायट्रेट एकटंच चढलेलं असेल तर बहुधा शेतातलं खत. ढिगाच्या आत हवा नसते, म्हणून नत्र तिथे अमोनियाच्या रूपात असतं. ते हवेशीर जमिनीतून लांबवर गेलं की वाटेत त्याचं नायट्रेट होतं. म्हणून लांबच्या विहिरीत अमोनिया शून्य आला तरी क्लोराइड सोडू नका.

तुलनेला डेपोच्या वरच्या अंगाची, म्हणजे चढाकडची एक विहीर घ्याच. ती नसेल तर तक्रारीत समोरचा सरळ म्हणतो, 'इथलं पाणी मुळातच असं आहे.'

---

ओढ्याकाठी

एक बोअर घाण वास मारतो आणि शंभर फुटांवरचा दुसरा स्वच्छ. हे कसं? लोक म्हणतात मग डेपोचा संबंध नाही.

---

झरा_सांधा

@ओढ्याकाठी, आपल्याकडे वाळूसारखा एकसंध थर नाही. वर मुरूम, खाली कातळ, आणि कातळात पाणी फक्त भेगा-सांध्यांतून चालतं. ज्या बोअरला ढिगाखालून येणारा सांधा लागला तो बिघडला, शेजाऱ्याला लागला नाही तो वाचला. आज वाचला, एवढंच. पंपाचे तास वाढवले की तोही सांधा ओढून घेऊ शकतो.

दुसरं कारण केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवतात तो पाइप. बोअरवाले मुरूम संपला की केसिंग थांबवतात आणि बाहेरची पोकळी तशीच सोडतात. वरच्या थरातलं घाण पाणी केसिंगच्या बाहेरून सरळ खाली उतरतं. या पट्ट्यात नवा बोअर घेत असाल तर केसिंग पक्क्या कातळात निदान 5-10 फूट बसवून घ्या, बाहेरची पोकळी सिमेंटच्या घोळाने भरून घ्या आणि तोंडाभोवती बाहेर उताराचा ओटा करा. बोअरवाला कुरकुर करेल. पैसे ठरवतानाच लिहून घ्या.

नमुना घेण्याबद्दल. बोअर दहा मिनिटं चालवून मग भरा, नाहीतर पाइपातलं शिळं पाणी जातं. रसायनांसाठी 2 लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन, त्याच पाण्याने तीनदा खळाळून. जंतूंसाठी लॅबचीच निर्जंतुक बाटली. ती खळाळायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, गळ्याशी थोडी हवा ठेवायची. पाण्यात क्लोरीन टाकलेलं असेल तर लॅबला आधी सांगा, त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट लागतं, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि अहवाल खोटा गोड येतो. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. चिठ्ठीवर तारीख, वेळ, खोली, पंप किती वेळ चालवला.

आणि नमुन्याच्या वेळी कालवा चालू होता की बंद, हे नक्की लिहा. मुठा उजव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की कालव्याजवळच्या विहिरींना पाझर येतो आणि सगळे आकडे पातळ होतात. मे महिन्यात कालवा बंद असतानाचा एक आणि पावसाला महिना झाल्यावरचा एक, असे दोन नमुने असले तर चित्र कळतं. पहिल्या जोराच्या पावसानंतर ढिगातून काळं पाणी सर्वाधिक सुटतं.

---

नळजोड

वर पाणी तपासणीचं आलं, मी टँकरच्या पाण्याचं लिहितो.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, 33 टक्के क्लोरीनची, हजार लिटरला 5 ग्रॅम. म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरला 50 ग्रॅम. पावडर थेट टाकीत भिरकावू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लगदा, मग पाणी वाढवून ढवळा, अर्धा तास बसू द्या, वरची निवळी टाकीत घाला, खालचा चुना फेका. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून रंगावरून उरलेलं क्लोरीन बघायचं. शेवटच्या घरच्या नळाला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. टाकीवर उरलं आणि टोकाला नाही, तर पाइपलाइनमध्ये घाण शिरते आहे.

ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग लगेच आला तर ते मोकळं क्लोरीन. आधी फिका आणि मग चार-पाच मिनिटांत गडद होत गेला तर क्लोरीन अमोनियाशी बांधलं गेलंय. ते जंतू मारायला फार संथ असतं. डेपोजवळच्या विहिरीचं पाणी टँकरमध्ये मिसळलं की नेमकं हे होतं: डोस वाढवत जाता, क्लोरीन उरत नाही. अशा वेळी आणखी पावडर ओतण्यापेक्षा स्रोत बदला.

पिशवी फोडल्यावर पावडरची ताकद उतरत जाते. पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर पडलेली पिशवी म्हणजे निव्वळ चुना.

---

चाळीतली_ताई

नळजोड दादा, उकळून प्यायलं तर चालेल ना? आणि आरओ बसवला तर?

---

नळजोड

ताई, उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट, क्लोराइड, शिसं जात नाही, उलट पाणी आटतं तेवढं दाट होतं. ज्या विहिरीचं नायट्रेट 45 च्या वर आहे तिचं पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या वरच्या दुधात अजिबात नको, उकळूनही नको. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद त्याने कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात.

आरओ नायट्रेट बऱ्यापैकी काढतो, पण लोह किंवा काळपट सेंद्रिय घाण असलेल्या पाण्यावर पडदा काही महिन्यांतच चोंदतो. आधी वाळूचा आणि कार्बनचा फिल्टर हवा. आणि एक ग्लास शुद्ध पाण्यामागे दोन-तीन ग्लास दाट पाणी बाहेर पडतं. ते शोषखड्ड्यात सोडलं तर फिरून विहिरीतच. संडासाला वापरा.

---

पत्र्यावरचा_पाऊस

छतावरचं पावसाचं पाणी हा या पट्ट्यातला चांगला पर्याय आहे, पण इथे पहिली धार सोडून देण्याचं गणित वेगळं. ढिगाची धूळ आणि आगीची राख छतावर बसलेली असते. 1000 चौरस फुटांच्या छतावरचा पहिला 2 मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण 185 लिटर. बाजारात 'फर्स्ट फ्लश' म्हणून जो चार इंची पाइपाचा तुकडा लावून देतात, त्यात दर मीटर लांबीला 8 लिटर मावतं. तीन मीटरचा पाइप म्हणजे 25 लिटर. काय उपयोग! 200 लिटरचा ड्रम लावा, आत तरंगता चेंडू, ड्रम भरला की तोंड बंद आणि पुढचं पाणी टाकीत. ड्रमच्या तळाला बारीक तोटी, जी दोन पावसांच्या मध्ये आपोआप रिकामी होईल. ती चोंदली की सगळी योजना फसते, म्हणून आठवड्याला बघा. डेपोवर आग लागून गेली असेल तर त्यानंतरचा पहिला पूर्ण पाऊस सोडून द्या.

---

पोकलेन_चालू

आगीबद्दल. लोकांना वाटतं बंब आला, पाणी मारलं, आग गेली. ज्वाळा दिसतात ती वरची आग, ती पाण्याने जाते. खरा त्रास आतल्या धुमसणीचा. पाणी भेगांतून एकाच वाटेने खाली निघून जातं, बाकीचा ढीग कोरडाच राहतो, आणि तेच पाणी काळं होऊन खाली तुमच्या विहिरीकडे. दोन दिवसांनी पुन्हा धूर.

करायचं असतं ते असं. आधी जळणारा भाग चर मारून उरलेल्या ढिगापासून तोडायचा. मग पोकलेनने धुमसणारा माल काढून सपाट जागेवर फूट-दीड फुटाच्या थरात पसरायचा, तिथे पाणी मारायचं, हाताला गार लागेपर्यंत उलटापालट. उघड्या झालेल्या उताराला लगेच मुरूम, निदान दोन फूट, दाबून. उतार उघडा राहिला की वारा बाजूने आत घुसतो आणि आग परत पेटते. वरून कितीही माती टाका, बाजू झाकली नाही तर फुकट.

लांबून ओळखायच्या खुणा: पहाटे भेगेतून पांढरी वाफ, भेगेच्या ओठांना काजळी, गवत एका पट्ट्यातच करपलेलं, जमीन अचानक खचलेली. अशा जागी चालत जाऊ नका. खाली पोकळी जळून गेलेली असते आणि माणूस कमरेपर्यंत आत जातो. पोरांना वर पतंगासाठी सोडू नका.

बायोमायनिंगच्या जागीही आग लागते, आणि बहुतेकदा ती आरडीएफच्या ढिगाला. आरडीएफ म्हणजे चाळून काढलेलं प्लास्टिक-कापड, जे सिमेंटच्या भट्टीला जळण म्हणून जातं. उचल थांबली की ढीग वाढतो, आतून तापतो. कामावर लक्ष ठेवायचं असेल तर किती टन चाळलं हे विचारू नका. किती टन आरडीएफ बाहेर गेलं ते विचारा.

---

चाळीतली_ताई

आणि घरात बसलेल्यांनी काय करायचं? ओला रुमाल बांधतात सगळे.

---

फुफ्फुस_आणि_मी

ओल्या रुमालाने धुराचे बारीक कण अडत नाहीत. एन-95 अडवतो, पण नाकाच्या पट्टीपासून हनुवटीपर्यंत घट्ट बसला तर. दाढीवर बसत नाही. वायू तोही अडवत नाही, त्यामुळे डोकं जड झालं, मळमळलं तर मास्कच्या भरवशावर थांबू नका, वाऱ्याच्या आडव्या दिशेने लांब जा.

थंडीत पहाटे धूर जमिनीलगत बसतो, कारण वरची हवा खालच्यापेक्षा उबदार असते आणि धूर वर जात नाही. ऊन चढलं की उठतो. म्हणून पहाटे खिडक्या बंद, फटींना ओलं फडकं, आणि अकरानंतर उघडून घर हवेशीर. बंद घरात उदबत्ती, मच्छर कॉइल, चूल काही नको. दम्याच्या माणसाचा पंप उशाशी. पाण्याच्या टाकीचं झाकण बंद.

---

उकिरडा

माश्या. उन्हाळ्यात अंडं ते उडती माशी, सात ते दहा दिवस. म्हणजे घराजवळचा कुठलाही ओला ढीग, शेण धरून, सात दिवसांच्या आत हलला पाहिजे. अळ्या ओल्यात असतात पण कोष करायला कोरड्या कडेला सरकतात, म्हणून ढीग उचलून कडा तशीच ठेवली तर माश्या येणारच. वीतभर कडा खरवडून उचला. डेपोवर दाबून घातलेल्या सहा इंच मातीतून बहुतेक माश्या वर येऊ शकत नाहीत, सैल मातीतून येतात. 2016 च्या घनकचरा नियमांत रोजच्या कचऱ्यावर 10 सेंटिमीटर झाकण सांगितलं होतं, पावसाळ्याआधी 40 ते 65. हे मोजायला पट्टी पुरते.

गूळपाण्याचे सापळे दारात लावू नका, माश्या घराकडे ओढल्या जातात. कुंपणापाशी लावा. बाकी फवारणीचा धूर म्हणजे फोटोपुरता.

---

मोटारीची_दुरुस्ती

विहिरीत उतरण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. मोटर अडकली की माणूस उतरतो, आणि आपल्याकडे जुनी रीत आहे: आधी पेटता कंदील सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. डेपोजवळ ही रीत मोडा. ढिगाच्या वायूत निम्मा मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीला स्फोट, म्हणजे कंदीलच काडी होतो. आणि हायड्रोजन सल्फाइड जीवघेण्या प्रमाणात असला तरी कंदील जळत राहतो. त्याचा सडक्या अंड्याचा वास प्रमाण वाढल्यावर नाकाला येईनासा होतो, 'वास गेला' म्हणजे धोका गेला असं नाही.

चार वायूंचा मीटर भाड्याने मिळतो. दोरीला बांधून वर, मध्ये, तळाशी, तिन्ही ठिकाणी बघा. प्राणवायू 19.5 टक्क्यांच्या खाली, ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या 10 टक्क्यांवर किंवा हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमवर असेल तर उतरू नका. ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत सोडा, पुन्हा मोजा. उतरणाऱ्याच्या अंगात पट्टा, वर कप्पी, वर दोन माणसं. आतला कोसळला तर मागोमाग दुसऱ्याने उडी मारायची नाही, वरूनच ओढायचं. एकामागून एक जीव जातात ते या उडीमुळे.

ढिगाच्या पायथ्याच्या घरांत बोअरच्या केसिंगचं तोंड, बंद टाकी, ड्रेनेजचं चेंबर, इथेही वायू साचतो. झाकण उघडताना बिडी नको.

---

शेतकरी_सासवडरोड

बायोमायनिंगची माती फुकट टाकून देतो म्हणून हायवावाले (डंपरवाले) फिरतात. काळीभोर दिसते. शेतात घ्यावी का?

---

झरा_सांधा

खड्डा भरायला, रस्त्याच्या भरावाला ठीक, तेही विहिरीपासून लांब. शेतात, विशेषतः पालेभाजीला, अहवाल बघितल्याशिवाय नको. शहरी कंपोस्टला खत म्हणून विकायचं तर मर्यादा अशा, मिलिग्रॅम प्रति किलो: शिसं 100, कॅडमियम 5, क्रोमियम 50, निकेल 50, तांबं 300, जस्त 1000, आर्सेनिक 10, पारा 0.15. ही माती जुन्या कचऱ्याची चाळण आहे, त्यात बॅटरी, रंग, सीएफएल सगळं कुजलेलं. चाळणी कितीची होती तेही विचारा. मोठ्या भोकाची असेल तर काचेचे तुकडे पायाला आणि बैलाच्या खुराला.

मेथी पेरून बघायची घरगुती चाचणी लोक सांगतात. क्षार जास्त असतील तर मेथी उगवत नाही, एवढं कळतं. शिसं असलं तरी मेथी छान उगवते.

---

नवा_सभासद_हडपसर

त्या बाजूला प्लॉट स्वस्त आहेत. काय बघावं?

---

मांतरवाडी_फाटा

2016 च्या घनकचरा नियमांत भरावभूमी (कचरा पुरायची जागा) वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून 200 मीटर, तळ्यापासून 200 आणि नदीपासून 100 मीटर लांब असावी असं होतं, शिवाय दिवसाला 5 टनांहून मोठ्या केंद्राभोवती बांधकाममुक्त पट्टा. एजंटच्या नकाशावर जाऊ नका. गट नंबर घालून झोन दाखला काढा आणि तो पट्टा त्यावर दाखवलाय का बघा. शेजारच्या तीन बोअरचं पाणी वर दिलेल्या यादीप्रमाणे तपासा. ऑगस्टमध्ये संध्याकाळी आणि जानेवारीत पहाटे, अशा दोन वेळा जाऊन उभे राहा. एजंट दुपारी बारालाच नेतो.

तक्रारीचं विचारणाऱ्यांना: धूर, वास, काळं पाणी, प्रत्येकाची तारीख-वेळ-वाऱ्याची दिशा एका वहीत, फोटोत ओळखीची खूण. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी देऊन पोच घ्या. माहिती अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून भूजल तपासणीचे अहवाल आणि आरडीएफ उचलीची वजनपत्रं मागा, उत्तराची मुदत 30 दिवस. हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे. तिथे वकिलाशिवायही अर्ज करता येतो, पण कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे आणि नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांची. वही कामाला येते ती इथे.

---

ओढ्याकाठी

वहीत कालव्याच्या आवर्तनाच्या तारखांचा रकाना पण टाका. पाटबंधारेवाल्यांकडून मिळतात. आमच्या गल्लीची वही मी सुरू करतोय, वरच्या अंगाच्या विहिरीसाठी वडकीकडचं कुणी आहे का?